पाहुणे डिसेंबरात येतात, तेव्हा लेकरं फडावर असतात

बालाघाटची ताई (वडवणी)
काल इथं एका दादांची पोस्ट वाचली. ख्रिसमसच्या सुट्टीत बीडच्या धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवर ऊसतोड्यांच्या लेकरांची संध्याकाळची अभ्यासिका बघून आलो, लेकरांच्या डोळ्यांत चमक होती, पुण्या-मुंबईच्या प्रत्येकानं वर्षातून एकदा आपली मुलं घेऊन असं केंद्र बघावंच, असं लिहिलंय. खाली शे-दीडशे हात जोडलेले. मी अशीच अभ्यासिका चालवते म्हणून लांबण लावून उत्तर देतेय.

दादा, दसरा-दिवाळीला मुकादम उचल (आगाऊ पैसे) वाटतो, कोयते (नवरा-बायकोच्या जोड्या) ठरतात आणि ट्रक भरभरून गावं ऊस तोडायला जातात, कोल्हापूर-सांगलीला नाहीतर कर्नाटकात. परत येतात मार्च-एप्रिलात. ज्यांची आजी घरी आहे तेवढीच लेकरं मागं राहतात. आणि पाहुणे कधी येतात? हवा छान असते म्हणून डिसेंबर-जानेवारीत, नाहीतर कंपनीचं वर्ष मार्चला संपतं म्हणून फेब्रुवारीत. म्हणजे ज्या लेकरांना अभ्यासिकेची सगळ्यात जास्त गरज आहे ती नेमकी तेव्हा फडाजवळच्या कोपीवर (झोपडीवर) असतात, वाढं (उसाचे शेंडे) गोळा करायलेत, धाकट्याला सांभाळायलेत. मग जागा भरलेली दिसावी म्हणून शेजारच्या वस्तीवरून वाचता येणारी पोरं आणून बसवतात, हे मी डोळ्यानं बघितलंय.

आमच्याकडं सहावीतली एक मुलगी आहे. फडावरून आली की जोडाक्षराला अडते, हातच्याची वजाबाकी विसरलेली असते, पण किती टन ऊस भरला आणि उचलीतले किती फिटले ते तोंडी सांगते. पाहुणे आले की ही मागच्या भिंतीला जाऊन बसते. तिला कुणी टनाचा हिशोब विचारत नाही, सगळे विचारतात मोठी होऊन कोण होणार.

लातूरकर पुण्यात
ताई, राग समजतो पण न बघता पैसे कोण देणार ते सांगा. सतरंज्या, सोलरचे दिवे, शिकवणाऱ्या ताईचं मानधन, हे सगळं कुठून येतं? २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ मुळं मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के समाजकामावर खर्च करावा लागतो, तिथल्या माणसाला रिपोर्ट द्यावा लागतो, तो येणारच. आणि मी निलंग्याकडचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर बाहेरची माणसं बघायला आली म्हणून मदत आली. आम्ही पत्र्याच्या शेडात शिकलो, वह्या त्याच माणसांनी दिल्या. तेव्हा कुणी म्हणलं नाही कशाला आलात.

झेडपीचा मास्तर
सगळे अभ्यासिका बघायला येतात, शेजारी जिल्हा परिषदेची शाळा आहे तिकडं कुणी ढुंकून बघत नाही. पोरं वाचतात ती आम्ही शिकवलेली. स्थलांतराआधी, तिकडच्या शाळेत घ्यावं म्हणून, शिक्षण हमी कार्ड भरून देणारे आम्ही, हंगामी वसतिगृहातल्या लेकरांच्या दोन वेळच्या जेवणाचा हिशोब आम्ही ठेवायचा, त्यात बीएलओचं (मतदार यादीचं) काम, पोषण आहार, रोजची ऑनलाइन माहिती. २०२३ ला वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचं निघालं तेव्हा यातला एक पाहुणा आमच्यासाठी बोलला का?

गंगाथडीचा शेतकरी (माजलगाव)
सर, तुम्ही मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावात, राहता का आधी ते सांगा. २०२२ ला गंगापूरचे आमदार प्रशांत बंब विधानसभेत हेच बोलले, तर तुमचे मोर्चे निघाले. घरभाडे भत्ता गावचा घ्यायचा, अपडाऊन बीडहून करायचं.

झेडपीचा मास्तर
विषय काय आणि तुम्ही काय बोलायलात! गावात राहायला खोली दाखवा, उद्या सामान आणतो. गेल्या पावसाळ्यात एक बघितली, रात्रभर पातेली लावून बसावं लागलं असतं. माझी आई आजारी, दर आठवड्याला तिला दवाखान्यात न्यायचं, ती गावात ठेवू? अपडाऊन करणारा शिकवत नाही हे कुणी ठरवलं?

गंगाथडीचा शेतकरी
शिकवत नाही असं मी म्हणलंच नाही. पाच वाजता तुमची गाडी गेली की आजीकडं ठेवलेलं लेकरू कुणाला विचारणार? आजीला अक्षर येत नाही. माझ्या भावाची दोन्ही अशीच राहिली, चौथीपर्यंत गेली नि पाचवीला फडावर. तिथं अभ्यासिका असती तर थांबली असती. म्हणून तुमचा राग येतो.

लातूरकर पुण्यात
भत्त्याचा वेगळा धागा काढा राव.

कोपीवरचा
मी फडावर वाढलोय, आई-वडील डोकी सेंटरला, म्हणजे मोळ्या डोक्यावरून ट्रकात भरणारे. एक हंगाम बागलकोटकडं गेला, तिथली शाळा कन्नड, मास्तर चांगला होता पण मला एक शब्द कळेना, चार दिवसांत जाणं सोडलं. ताई, पाहुण्यांनी आमचं वाटोळं होतं हे तुम्ही आमच्या वतीनं ठरवू नका. एक मॅडम आल्या होत्या, भाषण नाही काही नाही, खाली बसून काड्यांच्या मोळ्या बांधून मला हातचा शिकवला. दहाची मोळी सोडली की दहा काड्या. मोळी मी रोज बांधायचो, लगेच कळलं. त्या येत राहिल्या आणि पुढच्या दसऱ्याला आईला म्हणल्या ह्याला ठेवा. मी राहिलो, आता संभाजीनगरला डिप्लोमा करतोय.

पण दुसऱ्या एकांनी माझा फोटो टाकला होता, उघडा, शेंबडा, खाली लिहिलेलं ऊसतोड्याचं उपाशी पोर. कॉलेजात पोरांनी तो शोधून काढला. मी उपाशी नव्हतो, आईनं भाकरी बांधून दिलेली होती. वडलांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

लातूरकर पुण्यात
फोटोचं मान्य. आई-बापाला विचारल्याशिवाय टाकूच नये, आमच्या ग्रुपवरचे पण काढायला सांगतो. डिसेंबरचं मात्र मान्य नाही, नोकरदाराला सुट्टी तेव्हाच मिळते.

बालाघाटची ताई
त्या मॅडमसारखं कुणी येणार असेल तर माझी ना नाही, वर्षभर या. माझं म्हणणं एकदाच येऊन नाचवून घेऊन जाणाऱ्यांबद्दल आहे. आणि मास्तर, कार्ड तुम्ही भरता हे खरं, पण ते घेऊन लेकरू तिकडच्या शाळेत गेलं का हे कुणीच बघत नाही. ऊसतोड्यांच्या लेकरांसाठी २०२१ ला भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहाची योजना आली, तालुक्याला एक मुलांचं नि एक मुलींचं. पण सात वर्षांची पोरगी तालुक्याला एकटी ठेवायला आई तयार होत नाही, तिला गावातच आजीजवळ सोय पाहिजे.

लातूरकर दादा, सुट्टी डिसेंबरातच असेल तर इकडं येऊच नका. साखर कारखाने पुणे जिल्ह्यातही आहेत, बारामती-इंदापूरकडं जा. कोप्यांवर शाळेच्या वयाची किती लेकरं आहेत बघा, हमी कार्ड आहे का विचारा, जवळच्या शाळेत नाव घालायला मुख्याध्यापकाकडं सोबत जा. सकाळी जाऊ नका, तोड चालू असते, आणि आईला बोलत थांबवू नका, खाडा पडला तर पैसे तिचे कापतात.

झेडपीचा मास्तर
कार्डावर आमच्या शाळेचा फोन नंबर असतो. तिकडून फोन आला तर मी उचलतो, रविवारी पण उचलतो.

लातूरकर पुण्यात
ताई, तुमच्या वस्तीवरचे कोयते कुठल्या कारखान्याला आहेत ते मेसेज करा, शनिवारी दोघं-तिघं जाऊन बघतो. लेकरं घरी असतात त्या मे महिन्यात तिकडं यायला मात्र कुणी तयार होईल असं वाटत नाही, ऊन सोसत नाही लोकांना.

बालाघाटची ताई
पाठवते. मे मधे संध्याकाळी सहानंतर या, आम्ही अंगणातच बसतो.