ताम्हिणी–आंबेनळी–कास: सप्टेंबरअखेर तीन दिवसांचा फेरा, कुठल्या बाजूने फिरावं?

कर्वेनगरकर:
सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन मुक्काम, तीन दिवस असा फेरा ठरवतोय. माणसं पाच: आम्ही दोघं, आठ आणि बारा वर्षांची मुलं, आणि आई (वय 71, गुडघ्यांचा त्रास). गाडी 1.2 पेट्रोल हॅचबॅक, एएमटी (क्लच पेडल नाही, गिअर आपोआप बदलतात), 52,000 किलोमीटर झालेली.

कच्चा बेत असा: गुरुवारी पुणे–ताम्हिणी–माणगाव–महाड–पोलादपूर–आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, मुक्काम तिथेच. शुक्रवारी प्रतापगड करून परत महाबळेश्वर. शनिवारी पाचगणी, वाई, सातारा, कास आणि रात्री पुणे.

ताम्हिणीऐवजी भोरवरून वरंधा घाटाने महाडला उतरलो तर? हाच फेरा उलटा केला तर सोपा पडेल का? आणि भरल्या गाडीला, त्यातही एएमटीला, आंबेनळी झेपेल ना?

घाटमाथा:
वरंधा सोडून द्या. भोरपुढे नीरा-देवघरच्या जलाशयाकाठचा रस्ता आणि वाघजाईजवळून दिसणारी दरी अप्रतिम आहे, पण हा घाट पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंद ठेवावा लागतो आणि सप्टेंबरअखेर तो उघडा असेलच असं धरून चालता येत नाही. बंद निघाला तर भोरपासून मागे फिरण्यात अर्धा दिवस जातो. तो डिसेंबरात वेगळा करा.

ताम्हिणीने उतरा, आंबेनळीने चढा. तुमची दिशा बरोबर आहे, दिवसांची मांडणी मात्र चुकतेय. प्रतापगडाचा फाटा वाडा-कुंभरोशीला आहे आणि ते गाव पोलादपूर–महाबळेश्वर रस्त्यावरच लागतं. पहिल्या दिवशी त्याच्या पायाशी येऊन वर जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच घाट उतरून यायचं, म्हणजे चाळीसेक किलोमीटर वळणं फुकट. चढतानाच गड करून घ्या. गाडी गडाजवळच्या वाहनतळापर्यंत जाते, पुढे पायऱ्या आहेत. त्या ओल्या असतात, तेव्हा आईंना खालच्या हॉटेलात निवांत बसवा.

वेळा अशा धरा. चांदणी चौक पहाटे साडेपाच. पौड, मुळशी करत सातच्या सुमारास धरणाच्या पाण्याकाठी. ताम्हिणी गाव ते डोंगरवाडी हा सगळ्यात देखणा टप्पा, तिथे तासभर राखून ठेवा. वाटेत प्लस व्हॅली, पुढे कुंडलिकेचं खोरं उघडतं. मुलांना इथे एक गोष्ट दाखवता येईल: मुळशीचं पाणी खरं तर पूर्वेला पुण्याकडे वाहणारं, पण ते डोंगरातून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजकेंद्रात सोडलेलं आहे. कोलाडचं राफ्टिंग चालतं ते तिथून सुटणाऱ्या पाण्यावर.

विळे, निजामपूर, माणगाव साडेनऊपर्यंत. चांदणी चौकापासून हे साधारण 100 किलोमीटर. माणगावच्या बाजारपेठेत गाड्या तुंबतात, तेव्हा नाश्ता आधी विळ्याला उरकून घ्या. पुढे महामार्गाने पोलादपूर 45 किलोमीटर. पोलादपूरला अकरा ते साडेअकरा, प्रतापगड दोनपर्यंत, महाबळेश्वर चारच्या आत. चारची वेळ महत्त्वाची आहे. दुपार कलली की माथ्यावर ढग उतरतात आणि कुंभरोशीच्या वरच्या वळणांवर बॉनेटपुढचं दिसत नाही. सूर्यास्त साडेसहाच्या आसपास असला तरी धुक्यात पाचलाच अंधारून येतं.

निघण्याआधी कॅलेंडर बघा. गौरी-गणपतीचे दिवस किंवा परतीची गर्दी त्यात आली तर मुंबई–गोवा महामार्गाचं हे सगळं वेळापत्रक कोलमडेल.

पाना_दहा_बारा:
एएमटीला आंबेनळी झेपते. चालवायची पद्धत चुकली तर क्लच आणि ब्रेक दोन्ही तापतात.

पोलादपूर जवळपास समुद्रसपाटीला, महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटरवर, मधलं अंतर 40 किलोमीटर. भरल्या गाडीने डी मध्ये (आपोआप गिअर) चढलात तर गिअरबॉक्स दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा करत बसतो, आणि नेमका वळणाच्या मध्यात वरचा गिअर टाकून दम सोडतो. वळणाआधीच एम वर (हाताने गिअर) घ्या, दुसरा गिअर टाका, एसी थोडा वेळ बंद. केसाच्या चिमट्यासारखं वळण असेल तर पहिला.

चढावर रांग लागली की बहुतेक लोक ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागेवर तोलून धरतात. एएमटीत आत साधी क्लच प्लेटच असते, ती तेवढा वेळ घासत राहते. दोन-तीन मिनिटांत जळक्या करवंटीसारखा वास येतो, मग स्क्रीनवर इशारा, मग गाडी गिअरच घेत नाही. थांबलात की पायब्रेक, लांब थांबायचं तर हँडब्रेक. निघताना हँडब्रेक ओढलेला ठेवून ॲक्सिलरेटर द्या, गाडीचं नाक किंचित उचललं की सोडा. वास आलाच तर सपाट जागा बघून, न्यूट्रल करून वीस मिनिटं थांबा.

उतारावर (तुम्हाला ताम्हिणी, नंतर महाबळेश्वरहून साताऱ्याकडे येताना केळघर किंवा पसरणी घाट) पुन्हा एम आणि दुसरा. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. इंजिन 3,000 च्या आसपास गुरगुरेल, त्याला घाबरू नका, पेट्रोल जवळपास जातच नाही. ब्रेक सतत चाटून ठेवायचा नाही. वळणाआधी एकदा ठाम दाबा आणि पूर्ण सोडा. पॅड तापले की पेडल कडकच राहतं पण गाडी थांबत नाही. ऑइल उकळलं तर पेडल मऊ पडून खाली जातं. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर निघण्याआधी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून शहरात वर्षानुवर्षं ठीक चाललेली गाडी नेमकी घाटात दगा देते.

52,000 ला पुढचे पॅड मोजून घ्या, 3 मिलिमीटरच्या खाली असतील तर नवे. टायरची नक्षी कायद्याने 1.6 मिलिमीटर चालते, पण ओल्या घाटात 3 च्या खाली मी जाऊ देणार नाही. हवा गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरवर पूर्ण भाराचा जो आकडा आहे तेवढी. पाच माणसं आणि बॅगा म्हणजे पूर्ण भारच. स्टेपनीतही हवा बघा. वायपरचं रबर नवं टाका, जुनं नेमकं डोळ्यासमोर पट्टा सोडतं.

काच आतून धुरकट झाली तर एसी चालू, तापमान वर, हवा बाहेरची घ्या (आतली फिरवायची नाही), झोत काचेवर. बाहेरून धुरकट झाली असेल तर उलट, काच फार गार झालीय. झोत काचेवरून काढा, तापमान वाढवा, वायपर एकदा फिरवा.

पूर्ण फेरा 400 ते 450 किलोमीटर. घाट धरून लिटरला 13-14 धरा, म्हणजे साधारण 32 लिटर. पुण्यातून टाकी भरून निघा, महाडला पुन्हा भरा. आंबेनळी चढताना पाव टाकी असली की उगाच जिवाला घोर.

सिंहगड_रोड:
मी उलट म्हणेन. पहिल्या दिवशी थेट सातारा आणि कास, दुसऱ्या दिवशी महाबळेश्वर, तिसऱ्या दिवशी आंबेनळी उतरून ताम्हिणीने घरी. कास गुरुवारी होतं, शनिवारची गर्दी टळते.

घाटमाथा:
@सिंहगड_रोड, कासचा मुद्दा अगदी योग्य. पण मग आंबेनळी भरल्या गाडीने उतरायची, आणि शनिवारी संध्याकाळी ताम्हिणी चढायची. शनिवारी संध्याकाळी ताम्हिणीत धबधब्यांवरून परतणाऱ्या गाड्या वळणावरच उभ्या असतात, दोन्ही बाजूंनी. पाऊस, अंधार, रस्त्यात माणसं. दिवसभर गाडी चालवून दमलेल्या माणसाने तिथे जाऊ नये.

कासची गर्दी टाळायचा सोपा उपाय म्हणजे सगळा बेत एक दिवस अलीकडे आणणं. बुध, गुरु, शुक्र.

सातारी_कंदी:
दुसरा मुक्काम साताऱ्यात करा, महाबळेश्वरात नको. कासला सकाळी लवकर पोचायचं असेल तर साताऱ्यापासून ते 25 किलोमीटर आहे, यवतेश्वर घाट चढला की आलंच. महाबळेश्वराहून निघालात तर ऊन वर आल्यावर पोचाल, आणि तोवर वाहनतळ भरलेला.

महाबळेश्वर ते सातारा दोन रस्ते. पाचगणी–वाईचा रस्ता रुंद आहे, पसरणी घाटातून धोम धरणाचं पाणी आणि कृष्णेचं खोरं दिसतं, मेणवलीचा नदीकाठचा घाटही बघून होतो. दुसरा केळघर घाटाने मेढ्याकडे, साधारण 55 किलोमीटर, वेण्णेच्या काठाकाठाने कण्हेर धरणापर्यंत. मला मेढ्याचा जास्त आवडतो: भाताची खाचरं, वाहतूक कमी, सप्टेंबरात सगळं पोपटी. पण दोन दिवस जोराचा पाऊस झालेला असेल तर मुकाट्याने पसरणी. केळघरला दगड येतात.

कासचं ऑनलाइन बुकिंग आधीच करा. वनविभाग आणि आसपासच्या गावांच्या समित्या मिळून प्रवेश सांभाळतात, हंगामात गाडी लांब लावून बसने सोडतात. आईंना चालायला सपाट आहे, पण जांभ्याच्या कातळावर पाणी साचलेलं असतं, तेव्हा मागे पट्टा असलेल्या चपला किंवा बूट घाला.

आणि तिथे उभ्याने बघू नका. दुरून जांभळा गालिचा दिसतो तो बहुतेक तेरड्याचा आणि सीतेच्या आसवांचा. मुलांना वाटेच्या कडेलाच उकिडवं बसवा आणि सीतेची आसवं जवळून दाखवा: नखाएवढं जांभळं फूल, खाली धाग्यासारखा देठ, आणि ओल्या मातीत मोहरीहून बारीक पिशव्या. त्या पिशव्यांत ती सूक्ष्म जीव पकडते. कातळावर मातीचा थर इतका पातळ की अन्न मिळत नाही, म्हणून ही सोय. बाजूला पांढरे गोंडे दिसतील ते गेंद. वाटेबाहेर एक पाऊल टाकलं तरी हे सगळं पायाखाली जातं, आणि तो थर पुन्हा तयार व्हायला फार काळ लागतो. फुलं पूर्ण उमलायला ऊन-पावसाचा खेळ लागतो, सलग झड असेल तर नुसतं धुकं बघून परत यावं लागतं.

विजेची_गाडी:
याच मार्गावर इलेक्ट्रिक नेणाऱ्यांसाठी. माणसांसकट 1,700 किलोची गाडी 1,300 मीटर वर न्यायला नुसत्या उंचीसाठी 6 युनिट लागतात, मोटरचा घाटा धरून 7. अंतराचा खर्च वेगळा. म्हणजे पोलादपूरला निदान निम्मी बॅटरी हवी. दुसरं जास्त महत्त्वाचं: महाबळेश्वरात रात्रभर लावून 100 टक्के करू नका. भरलेल्या बॅटरीला उतारावरची वीज परत घेता येत नाही, रीजन (मोटरनेच गाडी रोखून वीज बनवणं) बंद पडतं आणि गाडीचं सगळं वजन ब्रेकवर येतं. 80-85 ला थांबवा.

कर्वेनगरकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. बुध-गुरु-शुक्र पक्कं केलं, प्रतापगड पहिल्याच दिवशी, दुसरा मुक्काम सातारा. पॅड आणि ब्रेक ऑइलसाठी रविवारी गाडी टाकतोय. अजून दोन गोष्टी: धाकटीला घाटात उलटी होते. आणि दरडीचा धोका आधी ओळखता येतो का?

घाटमाथा:
बऱ्याचदा येतो, म्हणून डोंगराच्या बाजूला नजर ठेवा. रस्त्यावर ताजे, ओल्या कडांचे छोटे दगड पडलेले दिसले तर वर काहीतरी सुटतंय. कडेने स्वच्छ वाहणारं पाणी अचानक तांबडं झालं, किंवा वाहता झरा एकदम थांबला, तर तिथून निघा. विजेचा खांब किंवा झाडं रस्त्याकडे कललेली असतील तर त्याखाली थांबायचं नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही. पाऊस थांबला म्हणजे धोका संपला असंही नाही, दोन दिवस मुरलेलं पाणी उघडीप पडल्यावरही कडा खाली आणतं. 2021 च्या जुलैत तळिये गावावर दरड कोसळून काय झालं ते महाड, पोलादपूरकडे सगळ्यांना माहीत आहे. तिथला माणूस हात करून थांबवत असेल तर थांबा, वाद घालू नका.

डांबराच्या बाहेर डावी चाकं उतरवू नका, लाल माती वरून घट्ट दिसते आणि आतून लोणी असते. अरुंद जागी चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियमच आहे. धुक्यात दिवे लो बीमवर. हाय बीमने पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला वळण कळत नाही. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या आणि एसटी पुढे असेल तर तिच्या मागे दोन गाड्यांचं अंतर ठेवून निवांत राहा.

उलटीसाठी धाकटीला मागे मधल्या सीटवर, समोरचा रस्ता दिसेल अशी बसवा. मोबाइल आणि पुस्तक बंद, पोट रिकामं नको आणि गच्चही नको. आल्याची वडी जवळ ठेवा. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, घाटाच्या तासभर आधी. घाटात पोचल्यावर दिलेली गोळी बाहेरच येते.

सातारी_कंदी:
परतीचं एक राहिलं. साताऱ्याहून येताना खंबाटकीचा बोगदा संपला की लगेच उतारावर वळणं आहेत, बोगद्यातच वेग कमी करा. आणि कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलापर्यंतचा उतार शहर आलं म्हणून हलक्यात घेऊ नका. मागून जड ट्रक येतात, डिझेल वाचवायला काही न्यूट्रलमध्ये उतरवतात आणि ब्रेक गेले की त्यांना थांबता येत नाही. दोन ट्रकच्या मध्ये सापडू नका, आरसा बघत राहा. एम मध्ये तिसरा गिअर टाका, आणि शक्यतो उजेड असताना तिथून पार व्हा. कासहून साडेअकराला निघालात तर चहा-जेवण धरून पाचच्या आत कर्वेनगर.