एफआरपीचा कायदा म्हणे कायदाच नाही, ऑर्डर आहे. मग जीआर कशानं पडला?

ऊसकरी, वाळवा तालुका :

नमस्कार मंडळी. भांडण घरातलं आहे, पण निवाडा बाहेरचा पाहिजे.

लेक सांगलीत एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा जेवताना मी बोलून गेलो की एफआरपीचा, म्हणजे केंद्रानं ठरवलेल्या उसाच्या किमान भावाचा, कायदा आहे म्हणून निदान उसाचे पैसे तरी निघतात. ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, "अप्पा, तो कायदा नाही, ऑर्डर आहे. त्यातल्या एका ओळीवरसुद्धा संसदेत मतदान झालेलं नाही." तीस वर्षं मोर्च्यात "कायदा पाळा" म्हणून घसा फोडला, तो काय सरकारी चिठ्ठीसाठी?

२०२२ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं जीआर (शासन निर्णय) काढला, एफआरपी दोन हप्त्यांत. आम्हा पुणे विभागवाल्यांना पहिला हप्ता १० टक्के उताऱ्यावर (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण), राहिलेलं हंगाम संपून खरा उतारा निघाल्यावर. आमच्या भागात उतारा बाराच्या पुढं जातो. मधले पैसे महिनोन्महिने दुसऱ्याच्या गल्ल्यात, आणि सोसायटीचं व्याज काय उताऱ्याची वाट बघत थांबतंय? राजू शेट्टी कोर्टात गेले आणि १७ मार्च २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं तो जीआर रद्द केला.

आता माझा प्रश्न. ऑर्डर सरकारनंच काढलेली, जीआरही सरकारनंच काढलेला. एक कागद दुसऱ्यापुढं पडला कसा? लेकीला परीक्षेला हेच आहे, "निरनिराळ्या देशांत मूळ कायदा आणि प्रत्यायोजित कायदा यांतला फरक". प्रत्यायोजित म्हणजे म्हणे मूळ कायद्यानं दिलेल्या अधिकारात सरकारनं केलेला. तिनं चार रकान्यांचा तक्ता पाठ केलाय. मला दाखवला. एक रकाना डोक्यात शिरंल तर शपथ.

कोर्टाच्या पायरीवर, कराड :

दादा, लेक बरोबर आहे, पण तुमचा घसाही वाया गेलेला नाही.

संसद किंवा विधिमंडळ मंजूर करतं तो अधिनियम. आपल्या गोष्टीत तो म्हणजे जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५. त्याच्या कलम ३ नं केंद्र सरकारला सांगितलं, उत्पादन, पुरवठा, भाव यांवर नियंत्रण ठेवायला तुम्ही आदेश काढा. त्या अधिकारात १९६६ साली ऊस (नियंत्रण) आदेश आला. एफआरपी, १४ दिवसांत पैसे, सगळं त्यात. २००९ पर्यंत एफआरपीच्या जागी एसएमपी (वैधानिक किमान भाव) होती, तीही त्यातच. म्हणजे संसदेत हात वर झाले ते १९५५ ला, "काढा आदेश" म्हणायला. निघालेला आदेश दोन्ही सभागृहांपुढं नुसता ठेवायचा असतो. तरी ती चिठ्ठी नव्हे. संविधानाच्या कलम १३ मध्ये "कायदा" या शब्दात आदेश, नियम, उपविधी, अधिसूचना हे सगळे धरलेत.

उलट तिची ताकद बघा. त्याच अधिनियमाचं कलम ६ म्हणतं, कलम ३ खालचा आदेश दुसऱ्या एखाद्या अधिनियमाशी जुळत नसला तरी आदेशच चालेल. बापाच्या खांद्यावर बसलेलं पोर चुलत्यांपेक्षा उंच दिसतं, त्यातला प्रकार. अशीच तरतूद आधीच्या १९४६ च्या कायद्यात होती आणि १९५४ साली हरिशंकर बागला खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ती टिकवली. का, तर दुसरा कायदा रद्द होत नाही, नुसता बाजूला राहतो. मला हा युक्तिवाद अजून जरा चलाखच वाटतो.

आता जीआर. शासन निर्णय हा सरकारच्या रोजच्या कारभाराच्या अधिकारातला कागद, कलम १६२ चा. कायदा जिथं गप्प आहे तिथं जीआर बोलू शकतो. ऊस आदेश तर मोठ्यानं बोलत होता. त्याचे दोन तुकडे करायचा अधिकार राज्याकडं नव्हता.

घरबसल्या ओळखायची खूण सांगतो. कागदाची पहिली ओळ वाचा. "अमुक अधिनियमाच्या कलम तमुकद्वारे प्रदान केलेल्या अधिकारांचा वापर करून" असं असलं की त्याला बाप आहे. "वाचा", मग "प्रस्तावना", मग "शासन निर्णय" आणि शेवटी "राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" असलं की जीआर. राज्यपालांचं नाव बघून हबकायचं नाही, ते प्रत्येकावर असतं.

बाप असला म्हणून पोर सुटत नाही. दोन गुंठ्यांचे दस्त नोंदवायचे बंद झाले तेव्हा कोरेगावचा एक पक्षकार माझ्याकडं रोज सकाळी चहाच्या आधी हजर. आधार होता १२ जुलै २०२१ चं परिपत्रक, आणि परिपत्रकाचा आधार १९६१ च्या नोंदणी नियमांतला एक नियम. ५ मे २०२२ ला औरंगाबाद खंडपीठानं परिपत्रक आणि नियम दोन्ही उडवले. पक्षकाराला वाटलं तुकडेबंदीच (जमिनीचे लहान तुकडे करायची मनाई) गेली. तुकडेबंदीचा १९४७ चा अधिनियम जाग्यावरच होता. त्याला हे पटवायला मला दुसरा आठवडा लागला.

इंग्लंडात हीच रेघ जास्त ठळक आहे. पार्लमेंटनं केलेला अधिनियम तिथलं कोणतंही कोर्ट रद्द करू शकत नाही, मंत्र्यानं काढलेला नियम मात्र करू शकतं. म्हणून तिथं कागद मूळ की दुय्यम, यावरच खटला जगतो किंवा मरतो. आपल्याकडं दोन्ही पाडता येतात. अधिनियम संविधानाशी विसंगत असला तर, आणि नियम त्या कारणानं तर पडतोच, शिवाय बापाच्या शब्दाबाहेर गेला तरी पडतो.

मिरजकर, सध्या श्टुटगार्ट :

काका, वकीलसाहेबांची ती पहिली ओळ इथं घटनेनंच सक्तीची केलीय. जर्मन घटनेचं कलम ८०. नियम करायचा अधिकार देताना त्याचा आशय, हेतू आणि व्याप्ती संसदेनं कायद्यातच लिहायची. वर नियमातही कुठल्या कलमाखाली तो काढला ते लिहायचं. कारण इतिहासात आहे. मार्च १९३३ मध्ये संसदेनं एका कायद्यानं सरकारलाच कायदे करायची मुभा दिली, घटनेला सोडूनसुद्धा. पुढं हिटलरनं काय केलं ते सांगायला नको.

शेजारच्या फ्रान्समध्ये वेगळीच तऱ्हा. १९५८ च्या घटनेत कलम ३४ मध्ये संसदेच्या विषयांची यादी आहे, आणि यादीत नसलेलं सगळं कलम ३७ नं सरकारकडं. तिथं सरकारचा असा नियम म्हणजे पोर नव्हेच, वेगळी चूल मांडलेला भाऊ.

दुसरा अटेम्प्ट :

अमेरिका मी सांगतो, पाठ आहे. १९३५, शेक्टर खटला. ब्रुकलिनमधले कोंबडीवाले भाऊ. धंद्याचे नियम मंजूर करायचा मोकळा अधिकार काँग्रेसनं राष्ट्राध्यक्षांना दिला होता, सर्वोच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला. वकीलसाहेब, अध्यादेश कुठल्या रकान्यात टाकू? आमच्या अभ्यासिकेत यावरून दोन तट पडलेत.

कोर्टाच्या पायरीवर, कराड :

मूळ कायद्याच्या. अध्यादेश राज्यपाल कलम २१३ खाली काढतात, अधिवेशन चालू नसताना. त्याला अधिनियमाइतकंच बळ असतं, फक्त आयुष्य कमी. सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत मंजुरी नाही मिळाली तर खलास. फ्रान्समध्येही त्या नावाचा प्रकार आहे, पण त्याला आधी संसदेची परवानगी लागते. आणि कृपा करून जीआरला अध्यादेश म्हणू नका. बातम्यांत सर्रास म्हणतात, आणि मग लोक माझ्या टेबलावर जीआर आपटून "हा बघा अध्यादेश" म्हणतात.

मिरजकर, ती सक्ती आपल्याकडं नाही. कलम चुकीचं छापलं तरी अधिकार खरोखर असेल तर आदेश वाचतो. तेव्हा माझी खूण ही खूणच आहे, पुरावा नव्हे.

ऊसकरी, वाळवा तालुका :

लेकीला वाचून दाखवलं. कलम ६ तिच्या तक्त्यात नव्हतं, ते आता पेन्सिलीनं आलंय. माझं एकच राहिलं. १४ दिवसांच्या पुढं पैसे दिले तर व्याज म्हणतात, ते त्याच ऑर्डरीत आहे का जीआरमध्ये? मला आजवर कुणी दिलं नाही.

कोर्टाच्या पायरीवर, कराड :

ऑर्डरीतच. खंड ३ चा उपखंड (३अ), वर्षाला १५ टक्के. वजनाच्या पावत्या आणि पासबुक आहे का?

ऊसकरी, वाळवा तालुका :

पासबुक आहे. २०२२ च्या पावत्या माळ्यावर उंदरानं खाल्ल्यात, पुढच्या सालच्या शाबूत आहेत. मंगळवारी येतो.