मोठ्या वयातही माणूस नव्याने घडतो

कुणीतरी लिहिलंय की पाच-सात वर्षांपर्यंत घरात जे संस्कार होतात तोच खरा माणूस, पुढचं सगळं वरवरचं. बालपणाचा ठसा खोल असतो हे मान्य, पण नागपुरात वाढल्यामुळे मला हे पूर्ण पटत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली, जुने देव न मानण्यासारख्या २२ प्रतिज्ञांसह. त्यात पोराबाळांची, संसारात मुरलेली माणसं होती. मोठेपणी जुने संस्कार सोडून नवे अंगी बाणवणं, समाजशास्त्रात याला पुनर्सामाजीकरण म्हणतात.

माझी आजी तेव्हा विशीत, कडेवर मूल. ती सांगायची, देव्हारा रिकामा करणं एका दिवसाचं काम. पण लेकराला ताप चढला की तोंडून जुन्या देवाचंच नाव निघायचं, ते सुटायला कितीतरी वर्षं गेली. सुटलं ते वस्तीतल्या बायकांमुळे. संध्याकाळी विहारात सगळ्या मिळून वंदना म्हणायच्या, एकीचं चुकलं की दुसरी लगेच, "अवो बाई, तसं नाही, सरणं गच्छामि." वरच्या जातींना वाकून जोहार घालणाऱ्या बापाची ही मुलगी ताठ मानेने 'जय भीम' म्हणायची. (हे अभिवादन रूढ करणारे बाबू हरदास आपल्या नागपूरजवळच्या कामठीचे, हे इथल्याही पुष्कळांना माहीत नसतं.) आणि साठी उलटल्यावर ती माझ्याकडून सही शिकली. पेन इतकं दाबून धरायची की कागदाच्या मागच्या बाजूला बोटाने अक्षरं लागायची.