इंग्रजांच्या काळातली वेड्यांची इस्पितळं: खर्चाला पैसा नव्हता की द्यायचाच नव्हता?

हिशोबनीस:
सध्या मुंबई इलाख्यातल्या वेड्यांच्या इस्पितळांचे जुने वार्षिक अहवाल वाचतोय, नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने स्कॅन करून फुकट ठेवलेत. कुलाबा, पुणे, रत्नागिरी, धारवाड, अहमदाबाद, सिंधमधलं हैदराबाद, सगळीकडे साधारण तेच तक्ते. किती आले, किती बरे होऊन गेले, किती वारले, आणि मग दर माणशी खर्च, रुपये-आणे-पैमध्ये. नोकरवर्गाचा रकाना वेगळा, खाण्याचा वेगळा, कपडे-अंथरुणाचा वेगळा, औषधांचा वेगळा. त्यातून बागेतला भाजीपाला, विणकाम वगैरे रुग्णांच्याच कष्टातून आलेली कमाई वजा दाखवलेली. दर माणशी खर्च वाढला की खाली खुलासा आलाच, बहुतेक वेळा धान्य महागलं हाच.
माझं मत स्पष्ट सांगतो. ही इस्पितळं बरं करायला नव्हतीच, रस्त्यावरचा माणूस उचलून कुठेतरी कोंडायला होती आणि तेही कमीत कमी पैशात. 1858 च्या कायद्यात सुरुवातच पोलिसांपासून होते, भटकणारा किंवा धोकादायक वेडा दिसला की धरा आणि मॅजिस्ट्रेटपुढे उभा करा. ज्या कामासाठी काढली त्या कामापुरताच पैसा दिला.

सातारी:
नाही पटलं. त्या काळाला आजची फूटपट्टी लावताय तुम्ही. 1860-70 मध्ये वेडावर औषध जगात कुठेच नव्हतं, मग औषधांचा रकाना छोटा असणारच ना? खायला, कपड्याला आणि राखणीला पैसे लागायचे, ते दिले. बरं, इंग्लंडात तरी काय वेगळं होतं, तिथली काउंटी असायलम, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यातली वेड्यांची इस्पितळं, पण खच्चून भरलेली असायची आणि तिथेही आठवड्याला माणशी खर्च किती यावरून वाद व्हायचे. गरीब माणसाच्या वेडावर पैसा घालायला कुठलंच सरकार खुशीत नसतं, त्यात गोरं-काळं कशाला आणायचं. आणि इस्पितळ नसतं तर त्या माणसाचं काय झालं असतं तेही सांगा. गावात खांबाला साखळीने बांधून ठेवायचे लोक, हे आपल्याच आज्या-पणज्यांनी सांगितलेलं आहे.

हिशोबनीस:
सातारीराव, इंग्लंडचं उदाहरण दिलंत ते बरं केलंत. तिथे 1874 पासून प्रत्येक गरीब वेड्यामागे आठवड्याला 4 शिलिंग सरकारी तिजोरीतून मिळायला लागले, स्थानिक कर होता तो वेगळाच. म्हणजे रुग्ण वाढले की अनुदानही वाढायचं. आपल्याकडे 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने तुरुंग, पोलीस, शिक्षण, दवाखाने, रस्ते सगळं प्रांतांच्या गळ्यात घातलं आणि वर ठराविक रक्कम दिली, यात भागवा म्हणून. त्या रकमेसाठी खात्याखात्यांत भांडण, त्यात वेड्यांच्या बाजूने कोण बोलणार? रुग्ण वाढले की तेवढ्याच पैशात जास्त माणसं कोंबायची, दुसरा मार्गच ठेवला नव्हता.
आणि गोरं-काळं मी आणत नाहीये, ते हिशोबातच आहे. वेड लागलेल्या गोऱ्या माणसाला आधी ईस्ट इंडिया कंपनी आणि पुढे सरकार विलायतेला परत पाठवायचं, 1818 पासून हॅकनीच्या पेम्ब्रोक हाऊसमध्ये आणि 1870 ते 1892 ईलिंगच्या रॉयल इंडिया असायलममध्ये. खर्च हिंदुस्थानच्या महसुलातून. सातारच्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून ईलिंगमधल्या साहेबाची खोली, आणि त्याच शेतकऱ्याचा भाऊ वेडा झाला तर खुलासा काय, तर धान्य महागलं.

मीनल_के:
एक गोष्ट दोघांकडूनही सुटतेय. सगळ्यात जास्त बचत खाण्यात नाही, डॉक्टरात केली. जिल्ह्याच्या ठिकाणी इस्पितळाचा सुपरिंटेंडेंट म्हणजे तिथला सिव्हिल सर्जनच, त्याच्याकडे सिव्हिल हॉस्पिटल, बऱ्याचदा तुरुंगही, आणि वरून हे. तो रोज कितीसा वेळ देणार? याचा परिणाम कागदावर दिसतो. 1893-94 मध्ये गांजाची चौकशी करायला हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं, त्यांनी इस्पितळांचे आकडे तपासले तर वेडाचं कारण म्हणून जिथे तिथे गांजा, आणि ते बऱ्याच वेळा पोलिसाने माणूस आणताना कागदावर जे लिहिलं तेच नंतर रजिस्टरात उतरवलेलं. कमिशनने सरळ म्हटलं की या आकड्यांवर विसंबता येत नाही. हा माणूस कोण, घरी काय झालं, आजारी कधीपासून, हे विचारायला पगारी माणूस लागतो आणि तोच नव्हता. त्यामुळे औषध नव्हतं हा सातारींचा मुद्दा अर्धाच आहे. विचारपूस करायला औषध लागत नाही.

ठाणेकर_ताई:
मीनल +१.
मी ठाण्याची, आमच्याकडे लहानपणापासून "ठाण्याला पाठवा याला" हे ऐकत मोठं व्हावं लागतं म्हणून या विषयावर जरा जास्तच बोलते. ठाण्याचं इस्पितळ 1901 चं, नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचं, देणगीतून उभं राहिलेलं. सिंध हैदराबादच्या इस्पितळालाही कावसजी जहांगीर यांचा पैसा. म्हणजे बांधायला आपल्या शेटजींनी दिलं. पण देणगीतून भिंती उभ्या राहतात, नावाची पाटी लागते, पुढची पन्नास वर्षं दर महिन्याला स्वैपाक्याचा आणि वॉर्डातल्या नोकराचा पगार देणगीतून निघत नाही. तिथे सरकारच लागतं आणि तिथेच हात आखडला. आजही बघा ना, नवीन बिल्डिंगचं उद्घाटन होतं, भरती होत नाही.

सातारी:
ताई, तुमचा शेवटचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. आजही भरती होत नाही म्हणजे हा इंग्रजांचा दुष्टपणा नसून सरकार नावाच्या गोष्टीचा स्वभाव आहे. 1919 च्या सुधारणांनंतर दवाखाने आणि असायलम हे सोपवलेलं खातं झालं, म्हणजे 1921 पासून आपल्याच मंत्र्यांच्या हातात. मग तेव्हा का नाही बदललं? आपली माणसं आली तरी रकाने तेच राहिले. नाव तेवढं "मेंटल हॉस्पिटल" झालं.

हिशोबनीस:
खातं दिलं, तिजोरी नाही दिली. अर्थखातं राखीवच ठेवलं होतं, ते गव्हर्नरच्या बाजूला. मंत्र्याने मागायचं आणि वरून नाही म्हणायचं. तरी तेवढ्यावर आपल्या मंत्र्यांना सोडून द्यावं असं मी म्हणत नाही, शाळा आणि दवाखान्यापुढे वेड्यांना त्यांनीही मागेच ठेवलं.
पण शेवटचा हिशोब इंग्रजांच्याच माणसाने मांडलाय तो वाचा. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करायला नेमलेल्या भोर समितीसाठी रांचीच्या युरोपियन मेंटल हॉस्पिटलचे सुपरिंटेंडेंट कर्नल मूर टेलर देशभर फिरले. 1946 च्या अहवालात आहे, सबंध हिंदुस्थानात 19 मेंटल हॉस्पिटलं आणि खाटा 10,181. म्हणजे साधारण 40,000 लोकांमागे 1 खाट, इंग्लंडात 300 लोकांमागे 1. आणि सगळ्यात वाईट म्हणून ज्यांची नावं घेतली त्यात पंजाब, आग्रा यांच्यासोबत ठाणे आणि नागपूर. तुरुंगाची आणि वर्कहाऊसची (गरिबांना ठेवून राबवून घ्यायच्या जागेची) कळा आहे, नव्याने बांधायला हवीत असं लिहिलंय. 40,000 आणि 300. सरकारचा स्वभाव म्हणून एवढा फरक पडतो?

रानवारा:
मधेच बोलतो, माफ करा. आमच्या घरात आजोबांचे चुलते 1930 च्या सुमारास अशाच एका इस्पितळात होते. ट्रंकेत कोर्टाचा एक कागद आहे, त्यांच्या वाटणीच्या जमिनीच्या उत्पन्नातून दरमहा खर्च वसूल करायचा म्हणून. 1912 च्या कायद्यात ती सोयच होती, मिळकत असेल तर त्यातून, नाहीतर पोसायची कायद्याने जबाबदारी असेल त्याच्याकडून. राहणं, खाणं, कपडे, औषध, देखभाल सगळं "खर्चात" मोडायचं. आजोबा सांगायचे की पैसे जड जायला लागले तसं घरचे भेटायला जायचे बंद झाले, गेलं की थकबाकी विचारतील म्हणून. तेव्हा सरकारने किती दिलं यासोबत घरातून किती उकळलं आणि त्यामुळे किती माणसं तुटली, तेही बघा. तो रकाना अहवालात आहे का हो?

हिशोबनीस:
पैसे भरणाऱ्या रुग्णांकडून आलेली रक्कम वेगळी दाखवतात. कोण भेटायला आलं नाही याचा रकाना कुठेच नाही.

सातारी:
40,000 चा आकडा जड आहे, मान्य. तरी 1946 च्या आकड्यावरून 1870 चा हेतू सिद्ध होत नाही यावर मी ठाम आहे. रत्नागिरीचं 1886 चं आहे ना, त्याची सुरुवातीची वर्षं आणि 1896-97 च्या दुष्काळातली वर्षं शेजारी ठेवून फक्त खाण्याचा रकाना आणि मृत्यू बघू. धान्य महागलं तेव्हा सरकारने जास्त पैसे घातले असतील तर तुमचं म्हणणं ढिलं पडतं, आणि ताटातलं कमी केलं असेल तर माझं. लिंक टाका, मी सुरू करतो.