क्लेमांसोने डॉक्टरकी वाया घालवली म्हणे!

सांजवात: काल एकाने लिहिलं, 'फ्रेंच राजकारणी जॉर्ज क्लेमांसोने १८६५ मध्ये डॉक्टरकीची पदवी घेतली आणि राजकारणात जाऊन ती वाया घालवली.' वाचून डोकंच फिरलं. पॅरिसच्या माँमार्त्र भागात तो गोरगरिबांना तपासायचा, तिथली उपासमार आणि ओल आलेल्या खोल्या बघूनच राजकारणात मुरला. १८८५ मध्ये फ्रान्सचा माजी पंतप्रधान जूल फेरी संसदेत 'श्रेष्ठ वंशां'चे हक्क सांगत होता, तेव्हा यानेच उठून विचारलं, हिंदू हीन वंश? एवढी मोठी संस्कृती असलेले? आपण तरी हे विसरू नये.

काळी माती: भाषण उत्तम. पण १९०६ ते १९०९ फ्रान्सचा पंतप्रधान कोण होतं? हाच ना! १९०७ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या नार्बोनला द्राक्षवाल्यांच्या आंदोलनात सैन्याने गोळ्या झाडल्या, १९०८ मध्ये पॅरिसजवळच्या विल्नव्ह-सँ-जॉर्जला संपकरी मेले. ८२ च्या गिरणी संपात बाबा रोज सकाळी डबा घेऊन फाटकापर्यंत जायचे आणि भरलेला डबा तसाच परत आणायचे. संप चिरडणाऱ्याचं कौतुक मला जमणार नाही.

रानजाई: आणि मेरी प्लमर? अमेरिकेत शिकवताना जिच्याशी १८६९ मध्ये लग्न केलं, ती तीन मुलांची आई? स्वतःची लफडी चालू असताना तिच्यावर व्यभिचाराचा आरोप ठेवला, तुरुंगात घातलं, घटस्फोट घेऊन अमेरिकेला धाडलं.

सांजवात: घरातली भांडणं इथे कशाला?

रानजाई: घरातली? पोलीस बोलावले त्याने! माझ्या मावशीलाही 'घरातलं आहे' म्हणून सगळ्यांनी गप्प बसवलं. मुलांना भेटायला ती शाळेच्या कुंपणाबाहेर उभी राहायची, हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा पुडा. हे शब्द मला ऐकवू नका.

काळी माती: रानजाईंचं बरोबर आहे. माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

सांजवात: ठीक आहे, शब्द मागे घेते. मेरीच्या बाबतीत त्याचा बचाव नाही. तरी डॉक्टर त्याच्यात शेवटपर्यंत होता. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला त्याचा मित्र, चित्रकार क्लोद मोने घाबरत होता, तेव्हा यानेच मागे लागून त्याला १९२३ मध्ये तयार केलं.

रानजाई: मित्राच्या डोळ्यांसाठी एवढा जीव, आणि बायकोला तुरुंग. मला तर आणखीच राग आला.

काळी माती: फेरीला दिलेलं उत्तर मानतो, नाइलाजाने का होईना. पण पुढच्या वेळी लिहाल तेव्हा नार्बोन पहिल्याच परिच्छेदात घ्या.