मदत हवी आहे : 'माय' आणि 'माईन'चा घोळ

नमस्कार मंडळी. सोलापुरात सातवीच्या पोरांची शिकवणी घेते. मराठीत 'माझी चादर' म्हणा की 'ही चादर माझी', शब्द तोच. इंग्रजीत नामाआधी 'माय', पण एकटं आलं की 'माईन'. 'नो'चं 'नन' होतं. 'हिज' मात्र दोन्हीकडे 'हिज'च! 'धिस', 'सम', 'ईच' नामासोबतही चालतात, नामाशिवायही. मग 'एव्हरी' एकटं का उभं राहत नाही? त्याला 'एव्हरी वन' असा टेकू लागतो. काल एका पोरानं हेच विचारलं आणि मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठले. यामागे काही सूत्र आहे, की तक्ता करून पाठच करून घ्यायचा? आणि 'वुई टीचर्स'मधलं 'वुई' सर्वनाम धरायचं की 'धिस'च्या रांगेत बसवायचं?