रोमन दिव्यांवरील चित्रे आणि साचे
ग्लॅडिएटर (रोमन आखाड्यात लढणारे योद्धे) वा देवदेवतांची चित्रे प्रत्येक मातीच्या दिव्यावर स्वतंत्रपणे कोरली जात, असे काही जण म्हणतात. त्यात थोडी दुरुस्ती करतो. इ.स.च्या १ल्या शतकात बहुतेक दिवे दोन भागांच्या साच्यात चित्रासकट घडवले जात, आणि साचा प्लास्टरचा असल्यास त्यातील हवेच्या बुडबुड्यांमुळे दिव्यावर बारीक पुटकुळ्या उमटलेल्या दिसतात. तयार दिव्यावरूनच नवा साचा काढण्याची पद्धतही रूढ होती. माती वाळताना व भाजताना आकसत असल्याने अशी प्रत्येक पुढची नक्कल आकाराने लहान आणि नक्षीने पुसट होत जाई. उत्तर इटलीतील मोडेना परिसरातील 'फोर्टिस' या उत्पादकाच्या नावाचा शिक्का असलेल्या दिव्यांच्या नकला तर गॉलपासून (आजचा फ्रान्स व आसपासचा भाग) डॅन्यूबकाठच्या प्रांतांपर्यंत निघाल्या, त्यामुळे केवळ तळावरील शिक्का पाहून दिव्याचे मूळ गाव ठरवणे मला मुळीच पटत नाही.